मोटारीचे पाणी

मोटारगाडीचा इतिहास सांगणारी पुस्तके बहुधा इंजिनाची, तेलाची, वेगाची आणि कारखानदारांची कथा सांगतात. पुढच्या जाळीमागे उभ्या असलेल्या रेडिएटरला त्यांत एखाददुसरा परिच्छेद मिळतो आणि त्यातल्या पाण्याला तेवढाही नाही. जी थोडी माहिती मिळते ती थंड देशांतली. हिवाळ्यात पाणी गोठते, गोठले की फुगते, फुगले की इंजिनाचा ओतीव ठोकळा तडकतो आणि त्यावर उपाय म्हणून 'अँटिफ्रीझ' आले. ही कथा खरीच आहे, पण ती डेट्रॉइटची आणि बर्लिनची आहे, खोपोलीची नाही. आपल्याकडे पाणी गोठण्याचा प्रश्न नव्हता, उकळण्याचा होता. त्याहून मोठा आणि सहसा लक्षात न येणारा प्रश्न पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा होता. हा द्रव ज्या नावाने आपल्याकडे आला, त्या नावामुळेच तो आपण कित्येक दशके नाकारला आणि त्या नकारावर एक सबंध कारागिरी पोसली गेली, असे माझे मत आहे. मी अभियंता नाही. गॅरेजांच्या दारात उभा राहून आणि जुनी हँडबुके चाळून जे कळले, त्यावरून हे मत बनले आहे.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाके फिरवायला मिळतो आणि जुन्या गाड्यांत तेवढाही मिळत नसे. तितकाच भाग धुराबरोबर बाहेर जातो आणि तितकाच सिलिंडरच्या भिंतींत शिरतो. या तिसऱ्या वाट्याची विल्हेवाट लावली नाही, तर दट्ट्या सिलिंडरमध्ये धरतो आणि गाडी जागीच बसते. कार्ल बेंझच्या १८८६च्या तीनचाकीत ही विल्हेवाट अगदी साधी होती. सिलिंडरभोवती पाणी, ते उकळायचे, वाफ हवेत जायची आणि कमी झालेले पाणी पुन्हा भरायचे. ऑगस्ट १८८८मध्ये बेर्टा बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला निघाली. शंभर किलोमीटरहून अधिक अंतराच्या त्या प्रवासात तिने वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून इंधन विकत घेतले, ही गोष्ट सगळे सांगतात. पण इंधनासाठी थांबावे लागले त्याहून कितीतरी जास्त वेळा तिला पाण्यासाठी थांबावे लागले, हे सहसा कोणी सांगत नाही. जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास हा पाणी शोधत केलेला प्रवास होता.

पाणी उडवून टाकण्याऐवजी तेच तेच पाणी थंड करून पुन्हा वापरणे ही पुढची पायरी. ती पक्की केली विल्हेल्म मायबाखने. १९०१च्या वसंतात नीसच्या शर्यतींत सगळ्यांना मागे टाकणाऱ्या मर्सिडीज गाडीवर त्याचा मधाच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर होता. सहा-सहा मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या एकमेकींना डाख देऊन जोडलेल्या, नळ्यांतून हवा आणि नळ्यांमधल्या फटींतून पाणी. आधीच्या गाडीला १८ लिटर पाणी लागे, हिला ९ लिटर पुरले. पाण्याचे निम्मे ओझे उतरले आणि मोठ्या इंजिनाची गाडी शक्य झाली. त्या गाडीच्या यशाचे श्रेय इंजिनाला दिले जाते. मला त्यातला मोठा वाटा या पोळ्याचा वाटतो.

रेडिएटर म्हणजे प्रारणाने उष्णता टाकणारा. नाव चुकीचेच आहे, कारण तो उष्णता टाकतो ती मुख्यतः वाहत्या हवेच्या हवाली करून. शासकीय कोशांनी त्यासाठी मराठी शब्द सुचवले, ते कोशांतच राहिले. गॅरेजमध्ये तो रेडिएटरच. बाकी त्याची कामाची रीत मराठी माणसाला नवी नव्हती. आपल्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवावा. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी, वरून गार पाणी ओतले की तोटीतून कढत पाणी बाहेर. इंजिन हा असाच बंब आहे. फरक इतकाच, की बंबाला पाणी तापवायचे असते आणि इंजिनाला विस्तवाभोवतीची भिंत वाचवायची असते. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, गार पाणी खाली येते. या एवढ्या तत्त्वावर फोर्डच्या 'मॉडेल टी'ची सारी व्यवस्था चाले. १९०८पासून निघालेल्या पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांना पाण्याचा पंप होता. पुढे फोर्डने तो काढून टाकला आणि १९२७पर्यंत दीड कोटी गाड्या पंपाविना विकल्या. सपाट रस्त्यावर हे निभावते. चढावर मात्र त्या गाड्या उकळत. पाणी कमी झाले की वरच्या नळीपर्यंत पोहोचत नाही आणि मग प्रवाहच थांबतो. त्या काळी रेडिएटरच्या टोपणावर बसवायचे तापमापकही विकत मिळत. अमेरिकेतल्या हॅरिसन बॉइसचे 'मोटोमीटर' त्यांत सर्वांत प्रसिद्ध. चालक समोरच्या काचेतून त्यातला चढता पारा पाहत गाडी हाकायचा.

मुंबईत १८९८मध्ये पहिल्या मोटारी आल्या असे सांगतात. मुंबईहून पुण्याकडे जायचे तर बोरघाट चढल्यावाचून गत्यंतर नव्हते. चाकाच्या वाहनांसाठी हा रस्ता खुला झाला १८३०मध्ये, सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत. म्हणजे घाटाची वळणे आखली गेली ती बैल आणि घोड्यांच्या दमाचा हिशेब करून. खोपोलीहून खंडाळ्याला जाताना थोडक्या अंतरात सुमारे पाचशे मीटर चढावे लागते. बैल थकला तर थांबतो. इंजिनाचे तसे नसते. चढावर ते पूर्ण ताकदीने जळत असते, गाडी मात्र पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटत असते. उष्णता सर्वाधिक आणि समोरून येणारी हवा सर्वांत कमी, असा तो प्रसंग. त्यात पश्चिमेचा वारा पाठीमागून असेल तर गाडीचा वेग आणि वाऱ्याचा वेग सारखा होऊन जाळीतून हवा जवळपास जातच नाही. उघड्या रेडिएटरला उंचीचाही तोटा होतो. दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनांक सुमारे एक अंशाने उतरतो, त्यामुळे महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. वाटेत शिंगरोबाच्या देवळापाशी गाड्या थांबत, नाणे टाकत आणि पुढे जात. घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचे ते देऊळ. श्रद्धा आहेच, पण चढाच्या मध्यावर तापल्या इंजिनाला मिळणारी ती विश्रांतीही होती.

या घाटांनी चालकांना काही नियम शिकवले. वाफ निघत असताना टोपण उघडायचे नाही. उघडलेच तर ओले फडके टाकून, तोंड बाजूला करून. तापलेल्या ठोकळ्यात गार पाणी एकदम ओतायचे नाही, कारण ओतीव लोखंड तडकते. इंजिन मंद चालू ठेवून धारेधारेने ओतायचे. मागच्या फळीखाली पाण्याचा डबा असायचाच आणि ट्रकवर त्याची जबाबदारी क्लीनरची. १ जून १९४८ला पुणे-नगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. त्यानंतरच्या दोन पिढ्यांना घाटमाथ्यावर तोंड उघडून उभी राहिलेली बस आणि विहिरीवरून बादली आणणारा कंडक्टर, हे दृश्य इतके परिचित होते की त्यात काही बिघडले आहे असे कोणाला वाटतच नसे.

बिघडत होते ते त्या बादलीतल्या पाण्यामुळे.

थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून सुरुवातीला लोकांनी काय काय घालून पाहिले, याची यादी गमतीची आहे. मीठ, कॅल्शियम क्लोराइड, मध, ग्लिसरीन, मद्यार्क. क्षारांनी धातू खाल्ला. मिथाइल अल्कोहोल ६५ अंशांनाच उकळून उडून जाई, त्यामुळे ते हिवाळाभर पुन्हा पुन्हा भरावे लागे. १९२७मध्ये अमेरिकेत 'प्रेस्टोन' या नावाने एथिलिन ग्लायकॉल बाजारात आले. हे रसायन नवे नव्हते. फ्रेंच रसायनज्ञ शार्ल-अदोल्फ व्यूर्त्झने ते १८५०च्या दशकातच तयार केले होते. १९७ अंशांना उकळणारा हा गोडसर, दाट द्रव पाण्यात निम्मानिम्म मिसळला तर मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही. शिवाय ते १०७ अंशांच्या आसपास उकळते. जाहिरातींनी पहिला गुण उचलला, कारण ग्राहक बर्फातला होता. दुसरा गुण तळटीपेत गेला.

पुढच्याच वर्षी, १९२८मध्ये, जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. गाड्या आल्या, त्यांची हँडबुके आली आणि हँडबुकांतले 'हिवाळी काळजी' हे प्रकरण इथल्या चालकाने सरळ ओलांडले. त्याचे चुकले असे म्हणता येत नाही. मुंबईत कोण कशाला गोठणविरोधी द्रव विकत घेईल? त्यात शुद्ध पाणी हे उष्णता वाहून नेण्यात ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा सरसच आहे. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात, निम्म्या मिश्रणाला साडेतीनच्या आसपास. नुसता थंडावा हवा असेल, तर पाण्याला तोड नाही.

पण दख्खनचे पाणी नुसते पाणी नसते. बेसाल्टच्या भेगांतून झिरपलेल्या विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते तापले की त्यातला विरघळलेला चुना बाहेर पडतो आणि जिथे भिंत सर्वांत तप्त असते तिथे थर धरतो. बंबाच्या आत साचणारा पांढरा थर आणि गिझरच्या कॉइलवरची खपली ती हीच. रेडिएटर एकदाच भरून बंद ठेवला तर एका भरणीतले क्षार किती असणार? चिमूटभर. पण पाणी रोज उडते आणि रोज नवे ओतले जाते. वाफ होऊन जाते ते शुद्ध पाणी, मागे राहतो तो क्षार. वर्षभर रोज लिटरभर ओतणारा चालक वर्षाला साडेतीनशेहून अधिक लिटरांचा क्षार त्या नऊ-दहा लिटरांच्या जागेत साठवत असतो. शिवाय ओतीव लोखंड गंजते आणि तो तांबूस गाळ वाहत येऊन रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत बसतो. नळ्या बुजल्या की गाडी अधिक तापते, अधिक पाणी उडते, अधिक पाणी ओतले जाते. काळजी म्हणून जे केले जात होते तेच दुखण्याचे कारण होते. काही जाणते चालक पावसाचे साठवलेले किंवा बॅटरीचे पाणी घालत, पण असे थोडेच.

या क्षारावर रेडिएटरवाल्यांचा धंदा उभा राहिला. पुण्यात नाना पेठेच्या परिसरात, मुंबईत गॅरेजांच्या गल्ल्यांत, आणि घाटाच्या पायथ्याच्या जवळपास प्रत्येक गावात एखादे तरी काळवंडलेले दुकान असे. काम मी पुष्कळदा पाहिले आहे. आधी रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवून त्यात हवा भरायची. बुडबुडे जिथून येतील तिथे खडूची खूण. मग वरची पितळी टाकी ज्वाळेने डाख वितळवून अलगद सोडवायची, की नळ्यांची उघडी तोंडे समोर येतात. त्या प्रत्येक नळीतून पोलादाची चपटी लवचीक पट्टी वरपासून खालपर्यंत फिरवायची. नळी मऊ पितळेची आणि भिंत कागदासारखी पातळ, त्यामुळे पट्टी तिरकी गेली की भोक पडलेच. जी नळी वाचणार नाही तिची दोन्ही तोंडे बंद करून ती सोडून द्यायची. मग तेजाबाने जागा साफ करून, नवसागर लावून, कथिल-शिशाच्या डाखाने टाकी पुन्हा बसवायची. कल्हईवाल्याची आणि तांबटाची हत्यारे आणि शब्द इथे मोटारीच्या सेवेला लागले होते. एका वृद्ध कारागिराने मला सांगितले होते, "साहेब, गाडी कुठल्या गावची ते नंबरप्लेट न बघता सांगतो. टाकी उघडली की कळतं. पांढरं निघालं तर बोअरचं, लाल निघालं तर नुसता गंज, हिरवं निघालं तर रेडिएटरच खाल्ला गेलाय."

या कारागिरीबद्दल हळवे होऊन लिहिण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. मी ते टाळतो, कारण डाखात निम्म्याहून अधिक शिसे असे. बंदिस्त दुकानात दिवसभर ते वितळवणारा माणूस त्याची वाफ आणि धूळ छातीत घेत असे. रेडिएटर-दुरुस्ती हा शिशाच्या विषबाधेचा व्यवसाय म्हणून जगभरच्या वैद्यकात नोंदला गेला आहे. पोटात कळा, हातांची कमजोरी, रक्तक्षय. घरी जाणाऱ्या कपड्यांतून ती धूळ मुलांपर्यंतही पोहोचते. विहिरीच्या पाण्याने गाडीवाल्याचा खर्च वाचवला, पण त्यातली काही किंमत या दुकानांतल्या माणसांनी अंगावर सोसली.

टोपणाची गोष्ट त्यामानाने सुखद आहे. रेडिएटरचे झाकण नुसते बंद न करता त्यात स्प्रिंगची झडप बसवली तर आतला दाब वाढतो आणि दाबाखाली पाणी उशिरा उकळते. हे मराठी गृहिणीला समजावून सांगावे लागत नाही. शिट्टीच्या कुकरमध्ये डाळ लवकर शिजते कारण आत पाणी १२० अंशांच्या आसपास असते. मोटारीच्या टोपणाचा दाबही साधारण तेवढाच, दर चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या घरात. अशा टोपणाखाली निम्मे मिश्रण १३० अंशांच्या जवळपास जाईपर्यंत उकळत नाही. तरीही टोपणाचे रबर फाटले म्हणून एका जागी दुसऱ्याच गाडीचे टोपण ठोकून बसवलेल्या कितीतरी गाड्या रस्त्यावर असत. शिट्टी न बसणाऱ्या कुकरसारखीच त्यांची गत.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या फियाटचे १९७४पासूनचे नाव पद्मिनी. तिचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरे. इंजिन मंद तर पंखाही मंद, म्हणजे नेमका दादरच्या गर्दीत, गाडी उभी असताना, वारा सर्वांत कमी. टॅक्सीवाल्यांनी आणि मिस्त्रींनी यावर काढलेला देशी उपाय म्हणजे थर्मोस्टॅट काढून फेकणे. मेणाच्या गोळीवर चालणारी ही छोटी झडप इंजिन पुरेसे तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. 'आपल्याकडे थंडी कुठे आहे' म्हणून ती काढली जाई. अँटिफ्रीझ नाकारण्यामागचाच हा तर्क. त्यामुळे इंजिन सकाळी बराच वेळ गार चालते, तेल दाट राहते, पेट्रोल जास्त जाते आणि सिलिंडर लवकर झिजतो. थंडावा म्हणजे जितका गार तितका चांगला, ही समजूत मला अजून भेटते.

डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली. तिचे इंजिन आडवे, त्यामुळे पंखा पट्ट्यावर बसवणे सोयीचे नव्हते. पाणी ठरावीक अंशांवर गेले की आपोआप चालू होणारा विजेचा पंखा आला. गाडी उभी असली तरी वारा पूर्ण. तापून फुगलेला द्रव बाजूच्या प्लास्टिकच्या बाटलीत जायचा आणि गार झाला की परत आत ओढला जायचा. म्हणजे पाणी उडणेच थांबले. रोज सकाळी टोपण उघडण्याचा विधी संपला आणि क्षार साठण्याची वाटही बंद झाली.

मग धातूही बदलला. तांबे-पितळेच्या जागी अॅल्युमिनियमचा गाभा आणि चिमटून बसवलेल्या प्लास्टिकच्या टाक्या. वजन आणि किंमत कमी, पण असा रेडिएटर फुटला की डाख लागत नाही, तो बदलावाच लागतो. अॅल्युमिनियमला साधे पाणी पितळेपेक्षाही कमी मानवते. त्यामुळे कूलंटमधला ग्लायकॉलइतकाच महत्त्वाचा भाग म्हणजे गंजरोधक रसायने, आणि त्यांतही प्रत्येक प्रदेशाचे पाणी डोकावते. युरोपच्या कारखान्यांनी फॉस्फेट टाळले, कारण तिथल्या जड पाण्याशी त्याचा साका होतो. जपान्यांनी सिलिकेट टाळले, कारण पंपाच्या सीलला ते घासते असा त्यांचा अनुभव. आपल्याकडे दोन्हीकडच्या गाड्या आणि दोन्हीकडची बाटली. हिरवा, लाल, निळा हे रंग निव्वळ ओळखीपुरते आहेत, रसायन कोणते ते रंगावरून ठरत नाही. भिन्न जातींचे द्रव एकत्र केले तर गंजरोधक निष्प्रभ होतात आणि कधी चिकट गाळही होतो. ही रसायने कालांतराने खर्ची पडतात आणि ग्लायकॉलचेही आम्लांत रूपांतर होऊ लागते. म्हणून द्रव स्वच्छ दिसत असला तरी मुदतीनंतर तो बदलावा लागतो. जुन्या पद्धतीचा दोन-तीन वर्षांनी, सेंद्रिय आम्लांवर आधारलेला नवा साधारण पाच वर्षांनी. गाडी पूर्ण गार असताना खालची तोटी उघडून सगळा काढायचा, आतून धुवायचे आणि नवा भरताना, तो घट्ट असेल तर शुद्ध केलेल्याच पाण्यात मिसळायचा. भरल्यावर अडकलेली हवा बाहेर काढायची, नाहीतर इंजिनाच्या माथ्यावर कोरडी पोकळी राहते.

काढलेला द्रव गटारात किंवा उघड्या डब्यात सोडू नये, हे मात्र आपल्या गॅरेजांत अजून रुजलेले नाही. एथिलिन ग्लायकॉल चवीला गोड असते. शरीरात त्याचे ऑक्झॅलिक आम्ल होते आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. कुत्री-मांजरे आणि लहान मुले त्याला बळी पडतात. या कुळाचा इतिहास भयानक आहे. त्याचा सख्खा भाऊ डायएथिलिन ग्लायकॉल १९३७मध्ये अमेरिकेत एका औषधात द्रावक म्हणून वापरला गेला आणि शंभरहून अधिक माणसे दगावली. तिथला औषध कायदा कडक झाला तो त्यानंतर. १९८६मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हाच पदार्थ ग्लिसरीनमध्ये भेसळ होऊन आला आणि १४ रुग्णांचा मृत्यू झाला. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाच्या अहवालाने त्या वेळी राज्य हादरले होते. पाण्याच्या जुन्या बाटलीत, चिठ्ठी न लावता ठेवलेला हिरवा द्रव गॅरेजच्या फळीवर दिसला की मला हे सारे आठवते.

२९ ऑक्टोबर २००३ला मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा भरून २०२३च्या ऑक्टोबरमध्ये ती रस्त्यावरून उतरली. तांबे-पितळेचे रेडिएटर आता भंगारात किलोवर विकले जातात आणि धातूचा भाव चांगला असल्याने दुरुस्तीपेक्षा वितळवणेच परवडते. रेडिएटरवाल्यांपैकी काहींनी ट्रॅक्टर आणि जनरेटर धरले, काहींनी एसीची कामे. ती हौदाची दुकाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली.

विजेच्या मोटारी आल्यावर रेडिएटरचा प्रश्नच संपेल असे पुष्कळांना वाटले होते. पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होणाऱ्या नेक्सॉनच्या विजेवरच्या गाडीत बॅटरीभोवती द्रव फिरतो आणि तोही ग्लायकॉलचाच. बॅटरीला इंजिनाहून कमी तापमान लागते आणि तेही मोजूनमापून. काही कंपन्या तर अशा गाड्यांसाठी वीज अगदी कमी वाहून नेणारे वेगळे कूलंट सांगतात, कारण गळती झाली तर ते विजेच्या भागांवर पडणार. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका गाडीच्या झाकणाखालची बाटली खुणेपेक्षा खाली गेलेली मी पाहिली. मालक शेजारच्या टपरीवरून पाण्याची बाटली आणायला निघाला होता.